जुन्या घराच्या मालकीचा माग: ठाण्यात शोध कुठून सुरू करायचा

आमचं चरईतलं घर आजोबांनी बांधलं, म्हणजे ते आपलंच, एवढं आम्हा सगळ्या भावंडांना पाठ होतं. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी सहज आत्याला विचारलं, "आत्या, घराखालची जमीनही आजोबांचीच होती ना गं?"

ती म्हणाली, "जमीन कुठली? दिवाळी झाली की एक माणूस भुईभाडं न्यायला यायचा. मीच द्यायचे त्याच्या हातात. तात्या, म्हणजे तुझे आजोबा, तेव्हा कचेरीत असायचे."

त्या एका वाक्याने आमचा शोध उलटा फिरला. घर आजोबांचं, जमीन दुसऱ्याची, आणि ती आमच्याकडे कधी आली, कशी आली, हे घरात कोणालाच सांगता येईना. पुढे वर्षभर मी त्या कागदांच्या मागे होते. नंतर ओळखीतल्या दोन-तीन घरांसाठीही हेच काम केलं. ज्यांनी कधी मिळकत पत्रिका (शहरातल्या जमिनीच्या नोंदींचा सरकारी उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड) हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. जमिनीचा मालक आणि बांधकामाचा मालक हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते वेगळेच विचारा. आणि घर माणसाच्या नावाने शोधू नका, जमिनीच्या क्रमांकाने शोधा. नावांची स्पेलिंगं बदलतात, आडनावं बदलतात, एका नावाची तीन माणसं निघतात. जमीन जागची हलत नाही.

आधी घरातली पेटी

कचेरीत जाण्याआधी घरातली पत्र्याची पेटी, देवघरातला कप्पा, माळ्यावरची ट्रंक उघडा. खरेदीखत मिळालं तर उत्तमच, पण घरपट्टीच्या पावत्या, भुईभाड्याच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, भाडेपावत्या, जुनी पत्रं, मृत्यूचे दाखले हे सगळं बाजूला काढा. काहीही टाकू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. जुना स्टॅम्प पेपर प्लॅस्टिकमध्ये बंद केला की तो पुन्हा मोकळा करता येत नाही, आणि मागची बाजू नीट तपासायची वेळ आली की हात बांधले जातात.

मागच्या बाजूचं महत्त्व मला उशिरा कळलं. स्टॅम्पच्या पाठीवर मुद्रांक विक्रेत्याने हाताने लिहिलेली नोंद असते: अनुक्रमांक, तारीख, कोणी विकत घेतला, कशासाठी. पुढच्या पानांवर दुय्यम निबंधकाचा (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचा) शिक्का आणि त्याखाली "पुस्तक १" असं लिहून दस्ताचा क्रमांक, खंड आणि पृष्ठ. हा एवढा मजकूर वाचता आला तर मूळ दस्ताचे तुकडे झालेले असले तरी चालतं, कारण त्याची नक्कल कार्यालयातल्या पुस्तकात असते. म्हणून प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा.

मग माणसं. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईशी बोला, हे मी मुद्दाम सांगते. दस्तांवर सह्या पुरुषांच्या असतात, पण पैसे घ्यायला कोण यायचं, विहीर कोणाबरोबर सामाईक होती, कोणत्या खोलीवरून भांडण झालं, हे बायकांना आठवतं. "मालक कोण होता?" असं थेट विचारू नका. "भाडं कोणाला द्यायचो?", "वाटण्या झाल्या तेव्हा तू केवढी होतीस?", "मागच्या बाजूला कोण राहायचं?" असं विचारा. तारखा चुकतील, पण क्रम सहसा बरोबर निघतो.

टिका आणि सिटी सर्व्हे नंबर

महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावरचा क्रमांक हा कर गोळा करण्यासाठीचा असतो. तो जमिनीचा क्रमांक नाही. नवखा माणूस इथे हमखास अडकतो. ठाणे शहरात जमिनीची ओळख टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर या जोडीने होते. नौपाडा, चरई, खारकर आळी, महागिरी या भागांतल्या दस्तांत "टिका नं. अमुक, सि. स. नं. तमुक" असंच लिहिलेलं दिसेल. चौकशीला जाताना दोन्ही जवळ ठेवा.

जुन्या कागदांत क्रमांक सापडला नाही, तर नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयात त्या भागाचा नकाशा पाहायला मागा. कोपऱ्यावरचं देऊळ, विहीर, गल्लीचं वळण अशी न बदललेली खूण आधी शोधा आणि तिथून आपल्या घरापर्यंत या. शेजारच्या सोसायटीचा क्रमांक माहीत असेल तर काम आणखी सोपं होतं.

क्रमांक मिळाला की जमिनीच्या नोंदींच्या महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कोकण विभाग निवडून मिळकत पत्रिका (तिथे तिला मालमत्ता पत्रक म्हणतात) विनाशुल्क पाहता येते. ही प्रत फक्त माहितीसाठी असते. अधिकृत कामाला डिजिटल स्वाक्षरीची प्रत शुल्क भरून घ्यावी लागते.

मिळकत पत्रिका कशी वाचायची

वरच्या भागात क्षेत्र, धारणाधिकार (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे ते) आणि मूळ धारकाचं नाव असतं. खाली नोंदींचा तक्ता: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, आणि साक्षांकन. नवीन धारकाच्या रकान्यात "धा", "प", "भा" अशी अक्षरं असतात. "धा" म्हणजे धारक, "प" म्हणजे पट्टेदार, अर्थात जमीन भाडेपट्ट्याने घेतलेला, "भा" म्हणजे भार, अर्थात बँकेचं किंवा पतपेढीचं कर्ज वगैरे. आमच्या घरात एका भावाने "भा" हे नवीन भागीदाराचं चिन्ह समजून दोन दिवस सगळ्यांची झोप उडवली होती.

पत्रिका खालून वर वाचा. सगळ्यात शेवटची नोंद आज कोण आहे ते सांगते, आणि एकेक पायरी मागे जाताना "हे नाव कोणत्या कारणाने आलं?" एवढाच प्रश्न विचारायचा. खरेदीने, वारसाने, वाटपाने, बक्षिसाने, मृत्युपत्राने, न्यायालयाच्या हुकमाने. कारण कळलं की पुढचा कागद कुठे मिळेल हे ठरतं. खरेदीने आलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे, वारसाने असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या जबाबाकडे, हुकमाने असेल तर दिवाणी न्यायालयाकडे.

पत्रिकेच्या सुरुवातीचा मूळ धारक हा खरा "पहिला" मालक नसतो. नगर भूमापन झालं तेव्हा जो सापडला, तो. त्याच्याआधीचा धागा चौकशी नोंदवहीत आहे. भूमापनाच्या वेळी अधिकाऱ्याने प्रत्येक मिळकतीबद्दल कोण राहतो, कशाच्या आधारे, कागद काय दाखवले, हे लिहून घेतलेलं असतं. चौकशी नोंदवहीचा उतारा वेगळा अर्ज करून मागावा लागतो आणि बहुतेक लोक तो मागतच नाहीत. आमच्या जमिनीच्या मालकाचं घराणं मला याच उताऱ्यात पहिल्यांदा दिसलं. जमीन त्यांची आणि "इमारत भाडेकरूची", अशी स्वच्छ नोंद होती. आत्याचं भुईभाडं सरकारी कागदावर होतं.

काही संक्षेप ओळखीचे करून घ्या. "ए. कु. मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नावापुढे हे असेल तर ती मिळकत त्या एकट्याची मानू नका, मागे अख्खं कुटुंब आहे. "अ. पा. क." म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, म्हणजे खरा धारक तेव्हा लहान मूल होतं. "गं. भा." म्हणजे विधवा. जुन्या मजकुरात "बिन" किंवा "वल्द" म्हणजे अमुकचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमुकची बायको. "सीता कोम गोविंद" हे एकाच बाईचं नाव आहे, दोन माणसांचं नव्हे.

आणि एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते. मिळकत पत्रिका, सातबारा, घरपट्टीचा उतारा, यातल्या कशावरही नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. महसुली नोंदी कर आणि सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी ठेवल्या जातात. नोंद बरोबर आहे असं कायदा गृहीत धरतो, पण उलट पुरावा आला की ते गृहीतक मोडतं. मालकी देतो तो दस्त, किंवा वारसा. नोंद त्याची सावली आहे.

जमीन पूर्वी शेताची असेल तर

पाचपाखाडी, उथळसर, माजिवडे, बाळकुम, कोलशेत या बाजूंना आज इमारती असल्या तरी मागे शेतं होती. तिथे सिटी सर्व्हेच्या मागे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लागतो, आणि त्याच्यासोबत सातबारा आणि फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक. तेच तुमचे जिने आहेत. प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. त्यात व्यवहार कोणत्या दस्ताने झाला, कोणी हरकत घेतली का, मंजुरी कधी मिळाली, हे दोन-चार ओळींत लिहिलेलं असतं. सर्व्हे नंबराचे तुकडे पडून क्षेत्र बदललं असेल तर "कमी-जास्त पत्रक" मागा. कचेरीत त्याला कजाप म्हणतात.

ठाणे जिल्ह्याचे बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर आलेत. जुने फेरफार, जुने सातबारे तिथे शोधता येतात. नाही सापडलं तर तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष.

उलट, कोळीवाड्यात किंवा मूळ गावठाणात घर असेल तर सातबारा शोधत बसू नका. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून त्यांचा सातबारा निघतच नाही. चेंदणी कोळीवाड्यासारख्या ठिकाणी घरपट्टीची जुनी आकारणी, भूमापन झालं असेल तर सनद (सरकारने दिलेला हक्काचा कागद), आणि शेजाऱ्यांचे दस्त यांच्यावर भिस्त ठेवावी लागते.

दस्त नोंदणी: खरं खोदकाम इथे

स्थावर मिळकतीचे दस्त नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडच्या पुस्तक १ मध्ये नोंदले जातात. हे पुस्तक आणि त्याच्या सूची शुल्क भरून कोणीही पाहू शकतं, तुम्ही मालक असायलाच हवं असं नाही. हा हक्क कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. नवखी माणसं "आम्हाला दाखवतील का?" या शंकेनेच परत फिरतात, म्हणून कलमाचा आकडा लिहून ठेवा.

सूची दोन प्रकारची. सूची १ पक्षकारांच्या नावाने, सूची २ मिळकतीने. तुमच्या उपयोगाची सूची २, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, भूमापन क्रमांक, क्षेत्र, करून देणारा, करून घेणारा, दस्त केल्याची आणि नोंदल्याची अशा दोन तारखा आणि अनुक्रमांक असतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर अलीकडच्या वर्षांच्या नोंदी घरबसल्या मिळतात. ठाण्यासाठी २००२ च्या आसपासच्या संगणकीकरणाआधीचं मात्र कार्यालयात जाऊन, वर्षागणिक जाडजूड सूचीपुस्तकं चाळूनच पाहावं लागतं.

इथे पद्धत नसेल तर दिवस वाया जातात. मिळकत पत्रिकेतल्या नोंदीची तारीख घ्या आणि तिच्या मागची पाच वर्षं आधी बघा, कारण दस्त झाल्यावर नोंद लगेच होतेच असं नाही. आमच्या बाबतीत खरेदीखत आणि पत्रिकेवरची नोंद यांत अकरा वर्षांचं अंतर निघालं. मी नोंदीचंच वर्ष धरून बसले होते आणि दोन खेपा रिकाम्या हाताने परतले. तिथल्या कारकुनाने "असा दस्त नाही" असं तोंडी सांगितलं तेव्हा मी ते मान्य केलं, ही माझी चूक. तोंडी नकार कधी घेऊ नका. कोणत्या वर्षांचा शोध घेतला आणि काय मिळालं नाही हे लेखी मागा. नेहमीच्या नक्कल अर्जाला उत्तरच येत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

दस्तांची नावं नीट पाहा. खरेदीखताने मालकी जाते. साठेखत हा पुढे खरेदी करण्याचा करार, त्याने मालकी जात नाही. "मुदत खरेदी" दिसली तर थांबा: ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले की मिळकत परत, अशी ती अट असते, आणि परत केल्याचा दुसरा दस्त कुठे तरी असायला हवा. हक्कसोडपत्रात बहुधा बहिणींच्या सह्या असतात. त्या कोणाकोणाच्या आहेत आणि कोणाची राहिली, हे मोजून पाहा. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी भांडणं या न झालेल्या एका सहीवरून होतात.

तोंडी वाटण्या, नोंदणी न केलेलं मृत्युपत्र आणि सरळ वारसा यांचा दस्त पुस्तक १ मध्ये मिळणार नाही. तिथली कडी मृत्यूच्या दाखल्यांनी आणि वंशावळीने जोडायची. वंशावळीत लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही नावांनी लिहा. नोंदवलेलं मृत्युपत्र मात्र पुस्तक ३ मध्ये असतं, आणि करणारा वारल्यानंतर त्याची नक्कल मागता येते.

चतुःसीमा

दस्ताच्या परिशिष्टात चार ओळी असतात: पूर्वेस अमुकचे घर, पश्चिमेस तमुकची वाडी, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता, उत्तरेस सामाईक विहीर. बहुतेक जण या ओळींवरून नजर फिरवून पुढे जातात. मी मात्र त्यांना सगळ्यात जास्त वेळ देते. तुमच्या घराचा कागद हरवला असला तरी शेजाऱ्यांच्या कागदात तुमचं घर असतं, आणि तेव्हा ते कोणाच्या नावाने ओळखलं जायचं हेही असतं.

आमचं खरेदीखत शेवटी असंच सापडलं. पूर्वेकडच्या मिळकतीचा एक दस्त होता, त्यात "पश्चिमेस" म्हणून आजोबांचं नाव. त्याच मिळकतीच्या चार वर्षं आधीच्या दस्तात "पश्चिमेस" जमिनीच्या मूळ मालकाचं नाव. म्हणजे जमीन त्या चार वर्षांतच आजोबांकडे आली. मग फक्त चार वर्षांची सूची चाळली आणि तिसऱ्या वर्षात दस्त मिळाला. शेजारच्या काकूंनी आपले कागद विश्वासाने दाखवले म्हणून हे शक्य झालं. तुम्हीही विचारताना आधी हेतू सांगा आणि त्यांच्या कागदांची प्रत त्यांना विचारल्याशिवाय ठेवू नका.

जुनी मापं, जुनी वर्षं, मोडी

दस्तात क्षेत्र वारांत आणि पत्रिकेत चौरस मीटरमध्ये असेल तर ताळा करूनच पुढे जा. १ चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट, १ गुंठा म्हणजे १२१ चौरस वार, ४० गुंठ्यांचा एकर. २५० वार जागा साधारण २०९ चौरस मीटर भरायला हवी. पत्रिकेवर १७० निघाले, तर रस्त्यात गेलं, विकलं गेलं की मोजणीत चुकलं, हे शोधावं लागेल. हिस्से आण्यांत लिहिलेले असतील तर सोळा आणे म्हणजे पूर्ण, चार आणे म्हणजे पाव.

वर्ष शके दिलेलं असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, आणि दस्त १ जानेवारीपासून पुढचा पण चैत्राआधीचा असेल तर ७९. ठाणे तालुक्याचा उल्लेख खूप जुन्या कागदांत "साष्टी" असा येतो. तो दुसरा तालुका समजून कागद बाजूला टाकू नका.

मोडीतला कागद निघाला तर घाबरू नका, पण अंदाजाने वाचूही नका. मोडीत नावं आणि आकडे यांतच घोटाळे होतात. दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून लिप्यंतर करून घ्या आणि जिथे फरक पडेल तो शब्द तिसऱ्याला दाखवा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. चार महिने मन लावून सराव केला की निदान आपल्या घराण्याचं नाव स्वतःला ओळखता येतं, आणि त्या क्षणाचा आनंद वेगळाच असतो.

घर खाडीपलीकडे असेल तर

नवी मुंबईत वाट निराळी आहे. सिडकोची स्थापना १९७० ची, आणि तिथली वसवलेली जमीन बहुतांशी सिडकोने संपादित करून पुढे भाडेपट्ट्याने दिलेली. वाशी-नेरूळच्या घरात मालकीची साखळी सिडकोबरोबरच्या पहिल्या करारापासून सुरू होते आणि प्रत्येक हस्तांतरणाला सिडकोची परवानगी असायला हवी. दस्त आहे पण परवानगीचं पत्र नाही, अशी कडी निघाली तर ती आधी भरा. मूळ गावांतल्या घरांसाठी मात्र वर सांगितलेली गावठाणाचीच रीत. पनवेल-उरणकडचा कागद असेल तर १९८१ पूर्वीचा जिल्हा "कुलाबा" असा दिसेल, तोच आजचा रायगड.

कागद लावून ठेवताना

एका वहीत डाव्या पानावर वर्ष, कोणाकडून कोणाकडे, कोणत्या कारणाने. उजव्या पानावर आधाराचा कागद आणि तो कुठे मिळाला. आधार नसेल तर उजवं पान कोरं ठेवा. आठवण आणि कागद एकाच रंगाच्या शाईने लिहू नका. आत्याने सांगितलेलं मी हिरव्या शाईने लिहिलं आहे, दस्तातलं काळ्या. जमीन आणि बांधकाम यांची पानं वेगळी. पागडीचे भाडेकरू असतील तर त्यांचं तिसरं पान करा, कारण त्यांचे हक्क मिळकत पत्रिकेवर दिसत नाहीत, पण ते खरे असतात आणि भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

घर विकायचं, वाटायचं किंवा विकासकाला द्यायचं असेल तर ही वही घेऊन वकिलाकडे जा आणि किमान तीस वर्षांचा शोध अहवाल त्याच्याकडून करून घ्या. तुमची वही त्याच्या कामाची जागा घेत नाही, पण त्याला कोणत्या वर्षी काय शोधायचं ते नेमकं सांगते. मूळ दस्त कोणाच्याही हाती देऊ नका, नकला द्या. भुईभाड्याची जी एकमेव चिठ्ठी आम्हाला पेटीत मिळाली ती मी बटर पेपरमध्ये गुंडाळून खरेदीखताच्या पुढेच ठेवली आहे, आणि तिच्यामागे पेन्सिलने आत्याचं नाव लिहिलं आहे.